तळं सर्वांचं

गव्हाळीचं तळं बहात्तरच्या दुष्काळात गावानं स्वतःच्या हातांनी बांधलं. मनकर्णाबाई लग्न होऊन आली ती पुष्कळ पुढं, पण तिच्या सासूनं त्या बांधावर माती वाहिली होती. म्हातारी जिवंत होती तोवर कुणी तळ्याला सरकारी म्हटलं की तिला राग यायचा. सरकारनं खायला सुकडी दिली, माती आमच्या डोक्यावरून गेली, असं ती म्हणायची.

फुलंब्रीहून डोंगराच्या अंगानं निघालं की गव्हाळी लागते. तळं गावाच्या उशाला. पावसाळ्यात ते पार टेकडीच्या पायथ्याला टेकायचं आणि उन्हं तापली की मागं सरकत सरकत मधल्या खोलगटात जाऊन बसायचं. मागं जो काळा गाळ उघडा पडायचा, त्यात गावच्या बाया टरबुजं, खरबुजं, वाळकं लावायच्या. त्या गाळाला खत लागत नव्हतं, की वरून पाणी लागत नव्हतं. कुणाचा पट्टा कुठून कुठवर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून कधी कुणाचं वाजलं नव्हतं.

मनकर्णाबाईचा पट्टा सगळ्यात चांगला. नवरा काविळीनं गेला तेव्हा लेक शाळेत होती आणि वाट्याला आलेलं रान निव्वळ बरड. त्या पट्ट्यावर तिनं लेकीला वाढवलं आणि चिकलठाण्याला कंपनीत असलेल्या मुलाला दिलं. दीर कडूबा आणि जाऊ सारजाबाई एकाच अंगणात राहायचे. चुली दोन, पण कालवण इकडचं तिकडं रोज जायचं. कडूबा तोंडानं फटकळ होता. वहिनीच्या शेळ्या मात्र न सांगता आपल्या जनावरांबरोबर तळ्यावर नेऊन पाणी पाजून आणायचा.

अशात अंबिका पाठक गावात आली. शहरातल्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवत होती. ती नोकरी सोडून पाणपक्षी न्यास नावाच्या संस्थेत लागली होती. तळ्यावर हिवाळ्यात लांबलांबून पाखरं उतरतात, आणि उन्हाळ्यात काही पाखरं उघड्या गाळावरच अंडी घालतात, म्हणून ते तळं राखीव करून न्यासाच्या हवाली करायचं घाटत होतं. अशी कामं घेऊन येणारी माणसं गावानं पाहिली होती. जीप सरपंचाच्या दारात थांबायची, चहा व्हायचा, जीप जायची. अंबिका तशी नव्हती. ती यष्टीनं यायची, बायांच्या ओट्यावर बसायची, दुपारची त्यांच्याचबरोबर जेवायची. सारजाबाईनं तिला भाकरी थापायला शिकवली. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला म्हणून सगळ्या हसल्या आणि अंबिकाही हसली, आणि तीच भाकरी तिनं ठेच्याबरोबर संपवली. दोन वर्षांत घरोघरची माणसं तिला पाठ झाली. कोण कुणाचा लेक, कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाच्या दावणीला कोणतं जनावर, हे तिला सरपंचापेक्षा जास्त माहीत होतं. कडूबा तिच्या हातचा चहा पिऊन म्हणाला होता की ही पोरगी इथलीच सून व्हायची, चुकून शहरात जन्मली.

तिचं म्हणणं साधं होतं. पाखरांसाठी गाळातली लावण तेवढी सोडायची. इथं तिकीट असणार नाही. कुणाकडूनही पैसा घेतला जाणार नाही. पाखरू बघायला मोटारवाल्याच्या पोराला जसं यायला मिळेल तसं मजुराच्याही पोराला मिळालं पाहिजे, आणि गावाला तर दार कायमचं उघडं. न्यासातल्या मोठ्या साहेबांना तिकीट हवं होतं. त्यांच्याशी भांडून तिनं हे मिळवलं होतं, आणि ते सांगताना तिचे डोळे भरून यायचे. मनकर्णाबाईनं ते डोळे पाहिले होते.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. कडूबा उठला आणि म्हणाला की फुकट देणाराच काहीतरी घेऊन जातो. आज गाळ मागतेत, उद्या पाणी मागतील. बरेच जण माना हलवायला लागले. बायांच्या बाजूला गलका सुरू झाला. तेव्हा मनकर्णाबाई उभी राहिली. सभेत ती याआधी कधी बोलली नव्हती.

"पोरगी खोटं बोलत नाय," ती म्हणाली. "म्या दोन वर्सं बघितली तिला. गाळ सोडायचा तर आधी म्या सोडते. काय वाईट झालं तर मला धरा."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या पट्ट्यातले वेल उपटले. टरबुजं मुठीएवढी झाली होती. अंबिका बांधावर उभी राहून रडत होती, आणि मनकर्णाबाईच तिला म्हणाली की रडू नको, वेल परत लावता येतो. मनकर्णाबाईनं सोडल्यावर बाकीच्यांना धरून ठेवणं जड गेलं. महिन्याभरात सगळा गाळ मोकळा झाला. कडूबानंही सोडला, पण त्या दिवशी त्यानं वहिनीकडचं कालवण खाल्लं नाही.

पहिली दोन वर्षं बरी गेली, हे खोटं म्हणता येणार नाही. तळ्याभोवती तारेचं कुंपण आलं, बांधाकडून पक्का मुरुमाचा रस्ता झाला, मोठं लोखंडी फाटक बसलं, पाखरं बघायला मनोरा उभा राहिला. फाटकावर मनकर्णाबाईला कामाला लावलं. हिरवं जाकीट घालून ती बसायची, शाळांच्या सहली आल्या की पोरांना रांगेत आत सोडायची आणि अंबिकानं शिकवलेली पाखरांची नावं सांगायची. बायांनी फाटकाशी पिठलं-भाकरीचं दुकान मांडलं. चांगल्या दोन पिशव्या पिठाच्या भाकरी रविवारी उठायच्या.

मग तळं फुकट आहे ही गोष्ट शहरभर झाली. रविवारी मोटारींची रांग पार गावच्या वेशीला लागायची. माणसं डबे आणायची, गाण्याच्या पेट्या आणायची, दारू पाण्याच्या बाटल्यांतून आणायची. पाखरं उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून बसल्या थव्यावर दगड टाकायची. अंबिका मनोऱ्यावरून हात जोडत फिरायची. पाखरं कमी झाली तेव्हा न्यासाची बैठक बसली. माणसं बंद करता येत नव्हती. फुकट प्रवेशाची बातमी छापून आली होती, मोठ्या पाहुण्यांनी त्यावर भाषणं केली होती, देणग्या त्याच नावावर येत होत्या. तेव्हा जे बंद करता येत होतं ते बंद झालं. गावची जनावरं आत येणार नाहीत. धुणं होणार नाही. मासे धरायचे नाहीत. टेकडीकडच्या पाऊलवाटेनं कुणी जायचं नाही, फाटकातूनच यायचं, तेही सकाळ-संध्याकाळच्या ठरल्या वेळात.

हे मनकर्णाबाईनंच घरोघर जाऊन सांगायचं होतं. तिनं आधी अंबिकाला विचारलं की दार कायमचं उघडं राहील असं तुम्ही म्हणाला होतात, त्याचं काय. अंबिकाला वाईट वाटत होतं ते दिसत होतं. दार उघडंच आहे, ती म्हणाली. गव्हाळीचा माणूस कधीही या, तळं बघा, मनोऱ्यावर जा, तुम्हाला कुणी अडवणार नाही.

"ताई, आमी काय बघायला येतो का?" मनकर्णाबाई म्हणाली.

पण घरोघर सांगायला मनकर्णाबाई गेलीच. दिलेला शब्द हा असा गळ्यात अडकतो; एकदा गावापुढं उभं राहून बोललं की पुढचं प्रत्येक पाऊल तो शब्द खरा करायलाच टाकावं लागतं. तिनं बायांना समजावलं की आंड्यांचे दिवस आहेत, पोरगी काहीतरी वाट काढील. बाया ऐकून घ्यायच्या. सारजाबाईनं मात्र कालवणाची वाटी पाठवायची कमी केली.

त्यानंतर आला तो कोरडा उन्हाळा. आदल्या पावसाळ्यात मेघ नुसते येऊन गेले होते. होळीच्या सुमारालाच विहिरींचे तळ दिसले. माणसांसाठी टँकर एक दिवसाआड यायचा. जनावरांचं कुणी नाव काढत नव्हतं आणि चारा छावणी दोन गावं टाकून पलीकडं होती. आख्ख्या शिवारात पाणी उरलं होतं ते तळ्याच्या खोलगटात, कुंपणाच्या आत. गावानं न्यासाकडं मागणी केली की दिवसातून एक वेळ जनावरं मुरुमाच्या रस्त्यानं आत आणून पाजू द्या. साहेब म्हणाले की गाळावर घरटी आहेत, तेवढंच पाणी पाखरांना उरलंय, जनावरं आत येणार नाहीत.

अंबिकानं वाट काढली. कुंपणाबाहेर हौद बांधायचा, तळ्यातून पंप लावून तो भरायचा. साहेब नाही म्हणाले नव्हते, होही म्हणाले नव्हते. एक मेला तळ्यावर मोठा कार्यक्रम होता, 'तळं सर्वांचं' नावाचा. शहरातून लोकांना आणायला फुकट बसगाड्या, सगळ्यांना बघायला दुर्बिणी, मांडव, जेवण, मोठे पाहुणे. पाहुण्यांसमोर मीच विषय काढते, अंबिका म्हणाली, त्यांच्यासमोर साहेबांना नाही म्हणता येणार नाही. तेवढे दिवस गावाला थांबवून धरा.

मनकर्णाबाई पारावर गेली आणि परत एकदा बोलली. एक तारखेपर्यंत थांबा, म्हणाली. कडूबाची तांबी गाय गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि तो टँकरचं आपल्या घरचं पाणी अर्धं तिला पाजत होता.

एक मेच्या सकाळी मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून, वर जाकीट घालून फाटकावर उभी होती. येणाऱ्याला गंध लावायचं काम तिला दिलं होतं. बसगाड्या आल्या, मोटारी आल्या, पाहुणे आले. ऊन चांगलं चढल्यावर गावाकडून धूळ उठली आणि कडूबा पाच-सहा जनावरं घेऊन फाटकाशी आला. बरोबर सारजाबाई आणि भावकीतले तिघं होते. तांबीचं पोट खाली ओघळलं होतं आणि तोंडाला फेस सुकला होता.

"वहिनी, आज एक तारीख हाय," कडूबा म्हणाला.

ती म्हणाली की भाऊजी, भाषणं चालू आहेत, पाहुणे उठेपर्यंत दम धरा, आजच्या आज हौदाचं ठरतंय. तेवढ्यात मागून एक मोटार आली. काचा वर होत्या. मनकर्णाबाईनं फाटक उघडलं, मोटार आत गेली, तिनं फाटक परत लावलं.

कडूबानं ते बघितलं. "ह्यांच्याकडून काय घेतलं आत सोडायला?"

"काय नाय. फुकट हाय."

"मग आमाला बी फुकटच सोडा."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला ते सोसलं नाही. किल्ली तिच्या कमरेला होती. मुरुमाचा रस्ता पार पाण्यापर्यंत पक्का होता. त्यावरून जनावरं गेली असती, पाणी पिऊन परत आली असती, भाषण संपायच्या आत. तिनं मांडवाकडं वळून बघितलं. अंबिका मांडवाच्या कडेला उभी होती आणि तिला सगळं दिसत होतं. तिनं लांबूनच हात जोडले, जरा थांबा म्हणून. मनकर्णाबाईनं किल्लीवरचा हात काढला.

"दुपारपर्यंत, भाऊजी," ती म्हणाली.

कडूबानं जनावरं वळवली. ती घराकडं गेली असं तिला वाटलं. पण तो कुंपणाच्या कडेकडेनं टेकडीमागं गेला, तिथं तार तोडली आणि जुन्या पाऊलवाटेनं जनावरं आत घातली. बंदी झाल्यापासून त्या वाटेवर कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. गाळावर वरून पापुद्रा धरला होता, आणि खाली लोणी. पाण्याचा वास आल्यावर जनावरं थांबेनात. हलकी होती ती कशीबशी पार झाली. तांबी पोटापर्यंत रुतली.

मनोऱ्यावर आधी ओरडा झाला. मग मांडवातली माणसं उठून कठड्याशी आली. दुर्बिणी पाखरांसाठी दिल्या होत्या, त्या सगळ्या गाईकडं वळल्या. लोकांनी पोरांना खांद्यावर घेतलं. कडूबा आणि ते तिघं गाळात झोपून गाईच्या पोटाखाली दोर घालायला बघत होते, आणि त्यांच्या हातापायांची धडपड, गाईचं मान वर धरणं, सगळं फोटोत जात होतं. कुणी हसत नव्हतं. हळहळत होते सगळे, पण जागेवरून हळहळत होते.

मनकर्णाबाई अंबिकाकडं धावत गेली. बन्सीचा ट्रॅक्टर गावात उभा आहे, तो मुरुमाच्या रस्त्यानं पाण्यापर्यंत येईल आणि तिथून दोरानं गाय ओढता येईल, फक्त येऊ द्या म्हणा. अंबिका साहेबांकडं गेली. साहेब पाहुण्यांच्या शेजारी बसले होते. ती वाकून बोलत होती, ते मान हलवत होते. मग ती परत आली. ट्रॅक्टर आत आला तर घरटी जातील, आणि पाहुण्यांसमोर गोंधळ नको. पाहुणे जेवून निघाले की बघू, असं साहेबांचं म्हणणं होतं.

"तुमचं काय म्हणणं हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

अंबिका म्हणाली, "माझ्या हातात नाही हो."

मांडवात पंगत बसली. मनकर्णाबाई फाटकाशी परत आली. ती थोडा वेळ नुसती उभी राहिली, आणि हा थोडा वेळ तिला पुढं जन्मभर मोजता आला नाही. मग तिनं किल्ली काढली, फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडलं आणि गावाकडं तोंड करून बन्सीला हाक मारत धावत सुटली. बन्सी आला. ट्रॅक्टर मांडवाला घासून गेला, जेवणारी माणसं उठली, साहेब ओरडत होते. दोर बांधला, ओढला, गाय गाळातून बाहेर आली. तोवर तिचा श्वास संपला होता. पोटातलं वासरूही गेलं होतं. सारजाबाई चिखलात बसून गाईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांतला गाळ पदरानं पुसत राहिली, आणि कुणी तिला ऊठ म्हणालं नाही.

बसगाड्या भरून परत गेल्या. मग पोलीस आले. तार तुटली होती, जनावरांच्या पायांखाली काही घरटी गेली होती, राखीव जागेत घुसल्याचा गुन्हा होता. साहेबांनी तक्रार दिली. आत कोण शिरलं होतं त्यांची नावं पाहिजे होती, आणि फाटकावरची बाई म्हणून हवालदारानं आधी मनकर्णाबाईला विचारलं.

"म्या ओळखत नाय," ती म्हणाली.

हवालदार हसला. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं की त्यात हिचा सख्खा दीर आहे. तो अंबिकाकडं वळला. मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालण्याचं काम चाललं होतं. साहेब शेजारी उभे होते. मनकर्णाबाई अंबिकाकडं बघत होती. त्या वेळीसुद्धा तिच्या मनात आलं की पोरगी काहीतरी वाट काढील.

अंबिकानं खालच्या आवाजात नावं सांगितली. कडूबा सांडू काकडे. सारजाबाई कडूबा काकडे. मग ते तिघं, बापांच्या नावांसकट. आणि ट्रॅक्टरवाला बन्सी. एकही नाव तिला आठवावं लागलं नाही. दोन वर्षं ओट्याओट्यावर बसून ती जे शिकली होती ते एवढ्या कामी आलं.

हवालदार गेल्यावर ती मनकर्णाबाईजवळ आली. मी खोटं कसं बोलू, म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना सगळ्यांना, पोरगी खोटं बोलत नाही म्हणून."

मनकर्णाबाईनं जाकीट काढलं, घडी केली, किल्ली त्यावर ठेवली आणि ते खुर्चीवर ठेवून ती घरी गेली.

गुन्हा दाखल झाला तो झालाच. सारजाबाईचं नाव पुढं गळालं, बाकीच्यांचं नाही. कडूबा फुलंब्रीच्या कोर्टात तारखांना जाऊ लागला. सकाळच्या यष्टीनं जायचा, वडाखाली बसायचा, पुढची तारीख घेऊन यायचा. पेरणीच्या दिवसांतही तारीख, सुगीतही तारीख. तो पहिल्यासारखा फटकळ राहिला नाही. कुणी काही म्हटलं तर 'असंल बाबा' एवढंच म्हणायचा, आणि मनकर्णाबाईला त्याच्या शिव्यांपेक्षा ते जास्त लागायचं. शहरात गाईचे फोटो गाजले, तेव्हा न्यासानं कुंपणाबाहेर हौद बांधला. तो पुरा झाला तेव्हा पाऊस लागला होता आणि ओढे वाहत होते. त्यावर त्या दिवशीच्या पाहुण्यांचं नाव आहे.

गावानं मनकर्णाबाईला वाळीत टाकलं असं काही नाही. लग्नाला बोलावणं यायचं, मयताला हाक यायची. पण तिनं नोकरी सोडली याचं कुणाला अप्रूप नव्हतं आणि तिनं फाटक उघडलं याचं तर नव्हतंच. एकदा टँकरच्या रांगेत तिनं सारजाबाईला गाठलं. गाईबद्दल, कडूबाबद्दल, त्या सकाळबद्दल मनातलं सगळं बोलायचं म्हणून सुरुवात केली. सारजाबाईनं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं:

"बाई, उघडायचंच हुतं, तर आदी कामून नाय उघडलं?"

सारजाबाईनं उत्तराची वाट बघितली नाही, तिचा हंडा भरला होता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर अंबिका आली. मनकर्णाबाईनं तिला ओट्यावर पाणी दिलं, आत बोलावलं नाही. अंबिका वाळली होती. साहेबांशी तिचं पटत नव्हतं, पण न्यास सोडवतही नव्हता; न सोडता जेवढं भलं करता येईल तेवढं करायचं, असं तिनं ठरवलं होतं. पैठणच्या बाजूला बोरटाकळी नावाच्या गावचं पाणी आता राखीव व्हायचं होतं. तिथल्या बाया घाबरल्या होत्या. तुम्ही एकदा येऊन त्यांच्याशी बोला, ती म्हणाली, तुमचं त्या ऐकतील, तुम्ही त्यांच्यातल्याच.

"तिथल्या गाईला पाणी प्यायचं म्हणलं तर?"

अंबिका म्हणाली की ते या वेळी मी नीट बघणार आहे.

"मग त्यास्नी तेच सांगा. मला कामून नेता?"

अंबिका सभेचा दिवस सांगून गेली. मनकर्णाबाईनं तो दिवस लक्षात ठेवला. तिला वाटलं की गव्हाळीत आपलं तोंड बंद झालं, पण बोरटाकळीत अजून उघडता येईल. त्या दिवशी ती पहाटेच्या यष्टीनं शहरात आली, तिथून पैठणची गाडी धरली आणि फाट्यावर उतरून चालत गावात गेली. अंबिका पोचायच्या आत तिला बोलायचं होतं. बाया आशाबाई नावाच्या एका बाईच्या अंगणात जमल्या होत्या. मनकर्णाबाईनं सगळं सांगितलं. गाळ, फाटक, गाय, कोर्ट. आशाबाईनं तिला चहा दिला आणि शांतपणे ऐकलं. मग विचारलं की तुमाला कामावरून काढलं म्हून सांगायला आल्या का? नाही, मनकर्णाबाई म्हणाली, म्या स्वतः सोडलं. तर मग बरंच झालं, आशाबाई म्हणाली, आमाला नको वाटलं तर आमी बी सोडू. आणि अंबिकाताई तशा नाहीत, माझ्या लेकीच्या बाळंतपणाला रातभर दवाखान्यात बसल्या होत्या.

ते खरं असणार, हे मनकर्णाबाईला माहीत होतं.

तेवढ्यात अंबिका आली. मनकर्णाबाईला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं तिला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं की या गव्हाळीच्या मनकर्णाबाई, सगळ्यांच्या आधी आपला पट्टा यांनी सोडला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णाबाई परत पहिल्यापासून बोलली. अंबिकानं तिला एका शब्दानं अडवलं नाही. गाय मेल्याचं ऐकून बाया चुकचुकल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला. बोलणं संपल्यावर अंबिका हळू आवाजात म्हणाली की यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. गव्हाळीत आमच्या चुका झाल्या. म्हणून तर इथं हौद आधी बांधायचा आणि मग कुंपण घालायचं, असं ठरवलंय.

बायांना ते पटलं. त्या आपसात हौद कुठं पाहिजे याची चर्चा करायला लागल्या. कुणी म्हणाली देवळाजवळ, कुणी म्हणाली शाळेच्या मागं. मनकर्णाबाई उभीच होती. तिच्यासाठी कुणीतरी चटई सरकवली, पण ती बसली नाही. थोड्या वेळानं अंगणातून बाहेर पडली तेव्हा मागून आशाबाईनं जेवून जा म्हणून हाक मारली. गाडी चुकंल, असं म्हणून ती फाट्याकडं चालायला लागली.

गाडीला गर्दी होती. शहरापर्यंत तिनं उभ्यानं प्रवास केला, पुढं फुलंब्रीच्या गाडीत मागच्या बाकावर जागा मिळाली. गव्हाळीत उतरली तेव्हा दिवस कलला होता. अंगणात कडूबा दुसऱ्या दिवशीच्या तारखेसाठी सदरा झटकत होता, सारजाबाई चुलीशी होती. मनकर्णाबाई त्यांच्या समोरून आपल्या दाराकडं गेली, कुलूप काढलं आणि आत जाऊन दिवा लावला. ती दिवसभर कुठं गेली होती, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.